क्रेनवरचा उपास

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सिल्वासाच्या आमली भागातल्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर वाल्मिक सोनवणेच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटातून रक्ताचा एक थेंब काढण्यात आला. पाच सेकंदांनी यंत्रावर आकडा उमटला. दोनशे सत्त्याऐंशी.

"खोटं असंल," त्याची बायको दुर्गा म्हणाली. यंत्र तिच्याच हातात होतं. "दुसरं बोट द्या."

दुसऱ्या बोटातून दोनशे एक्क्याण्णव निघाले.

"आता टोचू नको," वाल्मिक हात मागे घेत म्हणाला. "वाढतंय ते."

त्याचा चेहरा उतरला होता. गेल्या सतरा दिवसांत त्याने धान्याचा एक कण तोंडात घातला नव्हता.

वाल्मिक चव्वेचाळीस वर्षांचा होता. धरणगावकडून तो सिल्वासात आला त्याला एकवीस वर्षं झाली होती, आणि त्यातली अकरा वर्षं त्याने जमिनीपासून चाळीस फुटांवर काढली होती. जवळच्या सायली गावातल्या तांब्याच्या तारेच्या कारखान्यात तो क्रेन चालवायचा. दोन टनांचं तारेचं वेटोळं उचलायचं, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं आणि अंडं ठेवावं तसं खाली ठेवायचं. काचेच्या केबिनमध्ये तो एकटा असायचा. खालून सगळे मान वर करून त्याच्याशी बोलायचे, आणि ते त्याला आवडायचं.

कारखान्याचे डॉक्टर दर शुक्रवारी वापीहून यायचे. तीन आठवड्यांपूर्वीच्या तपासणीत वाल्मिकची उपाशीपोटीची साखर दोनशे चौसष्ट निघाली, तेव्हा ते म्हणाले होते, "क्रेनवर बसलेल्या माणसाला चक्कर आली तर खालचे मरतात. तीन आठवडे देतो. दोनशेच्या आत आली नाही तर तुम्हाला खाली आणावं लागेल."

खाली म्हणजे पॅकिंगला. पॅकिंगचा सुपरवायझर होता संजू, दुर्गाचा धाकटा भाऊ. त्याला सिल्वासात आणला होता वाल्मिकनेच, पहिली नोकरी लावली होती वाल्मिकनेच. आता तो संजू रोज सकाळी वहीत वाल्मिकची हजेरी मांडणार, आणि बाथरूमला जायचं असेल तर वाल्मिकने त्याला विचारायचं. या विचाराने वाल्मिकची झोप तीन आठवड्यांपूर्वीच उडाली होती.

"लो कार्ब करा," डॉक्टर त्या दिवशी म्हणाले होते. "चपाती, भात, भाकरी, पाव, सगळं बंद." मग ते काय खायचं त्याचा कागद ड्रॉवरमध्ये शोधू लागले. तेवढ्यात सुट्टी संपत आल्याचा पहिला भोंगा झाला आणि वाल्मिक उठला. अकरा वर्षांत तो दुसऱ्या भोंग्यानंतर केबिनमध्ये पोचला, असं कधी झालं नव्हतं. कागद ड्रॉवरमध्येच राहिला.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं, "धान्य बंद केलंय डॉक्टरनी. सगळंच."

भिमाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "मग एवढं तोंड काबरं पाडलं? उपास धरायचा. मी चाळीस वर्षं धरते, मला काय झालं?"

बिनधान्याचा स्वयंपाक भिमाबाईंना जेवढा येत होता तेवढा वापीतल्या कुठल्याच डॉक्टरला येत नसणार, याबद्दल घरात कुणालाही शंका नव्हती. दुसऱ्याच दिवसापासून सुरुवात झाली. सकाळी राजगिऱ्याचे दोन लाडू. डब्यात साबुदाण्याची खिचडी. चार वाजता उकडलेली रताळी, तूप-गूळ लावून. संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी. मध्ये भूक लागली तर चिकू, आणि चिकूने भागलं नाही तर केळी. केळी जळगावच्या बसने दर रविवारी यायची, वाल्मिकचा भाऊ अख्खा घड पाठवायचा. त्यांच्या गावाकडे केळ्याला कुणी खाणं म्हणत नाही. "सकाळपासून काही खाल्लं नाही, तीन केळी खाल्ली तेवढीच," असं म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही चुकलंय असं वाटत नाही.

वाल्मिकने सगळं नेमाने केलं. तरी आकडा चढला होता.

मंगळवारी सकाळी कारण शोधण्यात आलं. आठला संजू आला. कारखान्यात जाताना तो रोज दाजींच्या घरी चहा घ्यायचा. हातात वडापाव होता.

"मशीन बिघडलं असंल, दाजी," तो म्हणाला. "माझं बघा बरं."

त्याने वडापाव संपवला, तीन चमचे साखरेचा चहा प्याला आणि बोट पुढे केलं. एकशे चार.

"नाही, बरोबर आहे मशीन," संजू म्हणाला.

वाल्मिक त्याच्याकडे बघत राहिला. जगात न्याय नाही हे त्याला आधीही माहीत होतं, पण एवढ्या जवळून त्याने ते पाहिलं नव्हतं.

"म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय," दुर्गा म्हणाली.

भिमाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "चुकतंय ना. संध्याकाळी तू त्याला मेथीची भाजी घालते. परवा काकडीची कोशिंबीर केली. रविवारी तर अंडं!"

"भाजीनं काय होतं, आत्याबाई?"

"उपासाला मेथी चालते का? तूच सांग. चालते?"

दुर्गाने मान खाली घातली. चालत नाही हे तिलाही ठाऊक होतं.

"रोज संध्याकाळी उपास मोडला त्याचा, म्हणून वाढली," भिमाबाईंनी निकाल दिला.

मेथी, काकडी, पालक आणि अंडी त्याच दिवशी बंद झाली. त्यांच्या जागी शिंगाड्याचा शिरा आला. बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आकडा तीनशे बावीस होता.

त्या दिवशी वाल्मिकला पहिल्यांदा केबिनची भीती वाटली. शिडीच्या छप्पन्न पायऱ्या चढून तो बसला आणि स्वतःकडे लक्ष देऊ लागला. डोळ्यांपुढे अंधारी येतेय का? जीभ कोरडी पडलीय का? मोबाइलवर त्याने वाचलं होतं की पाय बधिर होतात. अर्ध्या तासाने डावा पाय खरंच बधिर झाला. तो पायावर पाय टाकून बसला होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने दोन टनांचं वेटोळं इतकं जपून नेलं, की चार मिनिटांच्या कामाला अकरा मिनिटं लागली.

"वाल्मिकभाऊ, झोप लागली काय?" खालून कुणीतरी ओरडलं.

"जागाच आहे!" वाल्मिक ओरडला. आवाज फाटला. खाली तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सोळा दिवसांत एकदाही कँटीनला न आलेला माणूस आता ओरडताना कापतो आहे, एवढं त्यांनी पाहिलं. पुढचं त्यांनी जोडून घेतलं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता ही गोष्ट अभिजीत सामंत यांच्या टेबलावर आली. ते कामगारांचे व्यवहार बघणारे अधिकारी होते, मुंबईहून येऊन त्यांना आठ महिने झाले होते. कँटीनमध्ये कार्ड लावल्याशिवाय ताट मिळत नाही, आणि कुणी किती दिवस ताट घेतलं याची यादी दर महिन्याला निघते. त्या यादीत वाल्मिक सोनवणेच्या नावापुढे शून्य होतं. सोळा कामाचे दिवस, शून्य ताटं. मागच्याच महिन्यात कँटीनच्या डाळीवरून तक्रारी झाल्या होत्या.

सामंतांनी शेडमधल्या एकाला बोलावून विचारलं.

"वाल्मिकभाऊचा उपास चालू आहे, साहेब."

"कशासाठी?"

"ते काही बोलत नाही."

"किती दिवस चालणार आहे?"

"शुक्रवारी काय तो निकाल लागंल म्हणतो."

सामंतांनी कॅलेंडरकडे पाहिलं. शुक्रवारी मुंबईहून मोठे साहेब कारखाना बघायला येणार होते.

बरोबर साडेबाराला शेडमधल्या साठ माणसांनी एक दृश्य पाहिलं. सामंत साहेब स्वतः हातात ताट घेऊन क्रेनखाली उभे होते. ताटात चार चपात्या, भाताचा डोंगर, बटाट्याची भाजी आणि दोन गुलाबजाम.

"वाल्मिकभाऊ!" सामंत ओरडले. "खाली या! जेवून घ्या! डाळ बदललीय आम्ही!"

वाल्मिकने काचेतून खाली पाहिलं. त्याला फक्त गुलाबजाम दिसले. उद्या तपासणी आणि आज साहेब स्वतः गुलाबजाम घेऊन आलेत, याचा त्याच्या दृष्टीने एकच अर्थ होता. त्याला खाली आणायचं कधीचंच ठरलंय, आता फक्त आकडा वाढवून हवाय.

"साहेब, हात जोडतो," तो वरून ओरडला. "मला लांबूनही दाखवू नका ते!"

एका माणसाने न जेवता डाळ बदलून घेतली, आणि तरी तो खाली उतरायला तयार नाही, हे साठही जणांनी ऐकलं. त्या दुपारी कँटीनमध्ये एक्केचाळीस जणांनी कार्ड लावलं नाही. एकाच्या उपासाने डाळ बदलते तर चाळिसांच्या उपासाने पनीर मिळेल, असा हिशेब कुणीतरी मांडला होता.

दीड वाजता वाल्मिकला ऑफिसात बोलावलं गेलं. सामंतांच्या शेजारी कारखान्याच्या दवाखान्याची नर्स रोहिणी बसली होती. ती रत्नागिरीकडची. तिला पाहून वाल्मिक दारातच थांबला. सिस्टर आहे म्हणजे प्रकरण आकड्याचंच आहे.

"वाल्मिकभाऊ, तुमची मागणी काय आहे?" सामंतांनी विचारलं.

"मला वरच राहू द्या, साहेब. एवढीच मागणी."

"वर? वरच उपोषण करणार तुम्ही?"

"उपोषण कशाला करू? मी खातो ना साहेब. भरपूर खातो. पथ्यावर आहे मी. चला, डबा दाखवतो."

डबा आणण्यात आला. तो संपावर नाही याचा पुरावा म्हणून वाल्मिकने तिन्ही खण टेबलावर मांडले. पहिल्यात साबुदाण्याची खिचडी, वर खोवलेलं खोबरं. दुसऱ्यात रताळ्याचे तुकडे, गुळात घोळलेले. तिसऱ्यात दोन केळी आणि चिकूच्या फोडी.

रोहिणी सिस्टरने खणांकडे पाहिलं. मग वाल्मिककडे. मग पुन्हा खणांकडे.

"हे रोज खाता?"

"रोज. सकाळी लाडू पण असतात. राजगिऱ्याचे," वाल्मिक अभिमानाने म्हणाला. "धान्याला हात लावला नाही, सिस्टर. आईची शप्पथ."

"अहो, हे सगळं कार्ब आहे!"

"कार्ब म्हणजे चपाती ना?"

"चपाती कार्ब, भात कार्ब, आणि हे पण कार्ब. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. रताळं तेच. केळं, चिकू म्हणजे साखरच खायची. त्यापरीस अर्धी भाकरी खाल्ली असतीत तर बरं झालं असतं हो!"

"पण फळ आहे ना ते."

"फळात साखर नसते तर गोड कसं लागतं तुम्हाला?"

वाल्मिक खुर्चीत बसला. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"म्हणजे हा संप नाही?" सामंतांनी सावकाश विचारलं.

"नाही, साहेब."

सामंतांनी डोळे मिटले. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. त्यांनी चमचा उचलला आणि खिचडीचा एक घास घेतला, मग दुसरा. "छान झालीय," ते म्हणाले. आणि त्यांनी तिसरा घेतला.

आता वाल्मिकपुढे नवीन भीती उभी राहिली. आईला कोण सांगणार? त्याने जिन्याखालून दुर्गाला फोन लावला.

"तू सांग."

"मी सून आहे," दुर्गा म्हणाली. "मी सांगितलं तर ती गावी निघून जाईल. तुम्ही सांगितलं तर नुसती रडंल."

संध्याकाळी सहाला वाल्मिकने सांगितलं. भिमाबाई रडल्या नाहीत. गॅसवर भगर शिजत होती, ती त्यांनी बंद केली.

"देवाला चालतं ते तुझ्या डॉक्टरला काबरं चालत नाही?"

"आई, देवाला शुगर नाही."

दुर्गाने मेथी परतली, काकडी चिरली आणि दोन अंडी उकडली. अंडी पातेल्यात पडली तशा भिमाबाई उठून गॅलरीत जाऊन बसल्या. रात्रीचं जेवण तिघांनी तीन ठिकाणी केलं.

शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आकडा दोनशे छत्तीस होता. दोन दिवसांत शहाऐंशीने उतरला, असं दुर्गा म्हणाली. दोनशेच्या वर छत्तीस आहे, असं वाल्मिक म्हणाला. दोघांचंही बरोबर होतं.

साडेअकराला तो डॉक्टरांसमोर बसला. रोहिणी सिस्टरने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

"तुमच्या बाजूने लिहायचं म्हटलं तर लिहिता येईल," ते म्हणाले. "वीस दिवस चुकीचं खाणं झालं, म्हणून आकडा चढला. पंधरा दिवसांची मुदत देऊ. पण हे मी मोठ्या साहेबांना कशाच्या आधारावर दाखवू? स्वयंपाक कोण करतं?"

"आई."

"बोलवा त्यांना. त्या समोर बसून सांगतील तसं लिहितो."

संजू मोटरसायकलवर गेला आणि बारा वीसला भिमाबाईंना घेऊन आला. त्या कारखान्यात पहिल्यांदाच येत होत्या. नवी नऊवारी नेसल्या होत्या. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून डॉक्टरांसाठी कापडी पिशवीत अर्धा डझन केळी आणली होती.

"मी काय विष घातलं का त्याला?" त्या बसायच्या आधीच म्हणाल्या.

"नाही हो, आजी. बसा. काय काय खायला दिलं तेवढं सांगा."

भिमाबाईंनी सांगितलं, काही लपवलं नाही. दाण्याच्या कुटात किती गूळ पडला तेही सांगितलं. डॉक्टर लिहून घेत होते. वाल्मिक दाराजवळ उभा होता आणि पेनाकडे बघत होता. ते पुढे सरकत होतं तोवर तो क्रेनवर होता.

"आणि तुम्ही स्वतः काय खात होता?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

"तेच."

"तेच म्हणजे?"

"त्यानं खाल्लं तेच. पोरगा उपाशी अन् मी त्याच्यासमोर भाकर मोडू का?"

पेन थांबलं.

"वीस दिवस?"

"कालपर्यंत."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "मग पुरावा इथंच बसलाय, आजी. एक थेंब रक्त बघू. तेच खाऊन तुमचीही चढली असेल, तर दोष खाण्याचा. मला छातीठोक लिहिता येईल."

"अन् नसंल चढली?" वाल्मिकने विचारलं.

"तर मग खाणं तेच होतं आणि चढली फक्त तुमची. मला तुम्हाला खाली आणावं लागेल."

आईची साखर बरी निघाली तर तो संजूच्या वहीत जाणार, आणि तो वर राहायचा असेल तर आई आजारी निघायला हवी. आता कशासाठी हात जोडायचे हे त्याला कळेना. रोहिणी सिस्टर सुई घेऊन पुढे आली तशी भिमाबाईंनी उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून पदराखाली घेतली. वाल्मिकने आईला कशालाही घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आई, राहू दे," तो म्हणाला. "मी जातो पॅकिंगला."

"दाजी, मी सांभाळून घेईन," दारातून संजू म्हणाला.

हे ऐकून भिमाबाईंनी मान वर केली. त्या क्षणभर संजूकडे बघत राहिल्या, मग डॉक्टरांकडे वळल्या.

"म्हणजे माझा आकडा जास्त आला तर हा वर बसंल?"

"तसं नसतं हो, आजी..."

"सरळ सांगा. जास्त पाहिजे का कमी?"

"त्याच्या दृष्टीने म्हणाल तर... जास्त."

भिमाबाईंनी मूठ उघडली, पिशवीत हात घातला आणि एक केळं काढून सोलायला घेतलं.

"आजी!" रोहिणी सिस्टर ओरडली.

"थांब गं, बाई. बोट काय पळून चाललं का?"

"आई, नको! तुला काही झालं म्हणजे?" वाल्मिक पुढे आला. भिमाबाईंनी त्याला कोपराने बाजूला केलं. डॉक्टर उठून उभे राहिले होते, पण सत्तरीच्या बाईच्या हातातून केळं कसं काढून घ्यायचं याचं शिक्षण त्यांना कुठे मिळालेलं नव्हतं.

दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी कागद टेबलावर तसाच होता, सही व्हायची होती. शेडमध्ये क्रेन उभी होती आणि केबिन रिकामी होती. मोठे साहेब गेटवर पोचल्याचा फोन आला होता. भिमाबाईंचं बोट अजून मिळालेलं नव्हतं. त्यांचं तिसरं केळं चालू होतं.